शेत की किनारा, ते आधी ठरवा

बारा वर्षांनी पुन्हा मेटल डिटेक्टर हातात घेताय, कोणता घ्यावा असं विचारताय, बजेट अडीचशे पौंड, आणि राहता यॉर्कशरच्या किनाऱ्यालगत. तुम्हाला कुणीतरी नोक्ता सिम्प्लेक्स हा डिटेक्टर सुचवलाय. शेतासाठी झकास, अख्खं यंत्र पाण्यात बुडवलं तरी चालतं. पण ते एकाच फ्रीक्वेन्सीवर चालतं आणि ओल्या खाऱ्या वाळूत अशी यंत्रं उगाच कुरकुरतात. मीनलॅबचं व्हॅनक्विश 340 एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरतं, त्यामुळे तिथे बरंच शांत राहतं. फक्त त्याची कॉइलच (जमिनीवरून फिरवायची खालची चकती) पाण्यात घालायची, वरचा डबा नाही.

मी या छंदाकडे परतलो तेव्हा पहिल्याच तासात गोड, ठाम आवाज आला. गुडघे टेकून वीतभर खणलं, तर बिअरच्या कॅनची कडी! सोन्याची अंगठीही यंत्राला साधारण तशीच ऐकू येते, म्हणून कड्या उपसण्याला पर्याय नाही. (बायको अजून हसते.)

सगळे पैसे यंत्रात घालू नका, पिनपॉइंटरपुरते (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारं हातातलं छोटं यंत्र) ठेवाच. जमीनमालकाची परवानगी तर हवीच. आणि ‘ट्रेझर’ (कायद्याच्या भाषेत जुना मौल्यवान ठेवा) वाटावं असं काही सापडलं, तर तिथल्या 1996 च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे 14 दिवसांत कॉरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणारा स्थानिक न्यायाधिकारी) कळवावं लागतं.