ग्रेड बरोबर आहे, पण प्लेट नॉर्मलाइज्ड (रोलिंगनंतर पुन्हा तापवून हवेत थंड केलेली) आहे का?
प्रेशर व्हेसलसाठी स्टीलची प्लेट, एसए 516 ग्रेड 70, जाडी 25 मि.मी., मिलचं सर्टिफिकेट हातात, तरी इन्स्पेक्टर अडवतोय, असं तुम्ही लिहिलंय. पण डिझाइनचं किमान तापमान उणे 20 अंश सेल्सिअस आहे ना? मग त्याचं म्हणणं रास्त आहे.

या ग्रेडची 40 मि.मी.पर्यंतची प्लेट सहसा अ‍ॅज-रोल्ड येते, म्हणजे रोलिंगनंतर हीट ट्रीटमेंट न केलेली. एएसएमई सेक्शन 8, डिव्हिजन 1 हा प्रेशर व्हेसलचा अमेरिकन कोड तिला कर्व्ह बी लावतो; कुठल्या जाडीची प्लेट किती थंडीपर्यंत चालेल, हे हे कर्व्ह सांगतात. नॉर्मलाइज्ड असेल तर डी. तुमच्या जाडीला, इम्पॅक्ट टेस्ट (थंड तुकड्यावर घाव घालून ठिसूळपणा बघणं) न करता, बी शून्याच्या आसपासच थांबतो. डी उणे 30 च्याही खाली जातो. प्रत्यक्ष ताण कमी असेल तर थोडी सूट मिळते, पण ती आकडेमोड डिझायनरकडून कागदावर घ्या.

रबाळ्याला आमच्या शॉपमध्ये हेच झालं होतं. शेल, म्हणजे व्हेसलचं नळकांडं, रोल झाला, लांब शिवण वेल्ड झाली, आणि मग कोणीतरी सर्टिफिकेटवरचा हीट ट्रीटमेंटचा रकाना वाचला. कोरा! अख्खा शेल बाजूला ठेवावा लागला. तेव्हापासून प्लेट ट्रकवरून उतरवायच्या आधीच मी तो रकाना बघतो.

आणि कटिंगआधी प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर (पोलाद मिलच्या कुठल्या वितळणीतलं, तो क्रमांक) पंच करून घ्या. नंतर कुठला तुकडा कुठल्या प्लेटचा, हे कोणालाच सांगता येत नाही.