मदत हवी आहे: टेबल खरंच महोगनीचं आहे का?

नमस्कार मंडळी. आमचं जुनं घर फोंड्याजवळ आहे. वाटण्या झाल्या तेव्हा शिसवीचा पलंग दादाकडे गेला आणि 'महोगनीचं' टेबल माझ्याकडे आलं. आजोबा त्यावर कुणाला गरम कप टेकवू द्यायचे नाहीत. रंग गडद तांबूस, पॉलिशच्या डब्यावर महोगनी म्हणून जो दाखवतात अगदी तसा.

चतुर्थीच्या आधी चमकवून घ्यावं म्हणून मेस्त्रीला बोलावलं. त्याने स्पिरिटचा बोळा फिरवला, बोळा तांबडा झाला. लाखेचं पॉलिश असल्यामुळे ते सुटणारच, म्हणाला. मग खण बाहेर काढून आतली कोरी फळी पटाशीने जरा खरवडली, तर हळदीसारखी पिवळी! मेस्त्री गालात हसला, चहा प्यायला आणि 'सांगतो नंतर' म्हणून गेला तो गेलाच.

महोगनी मूळची वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेकडची, भारतात कोलकात्याच्या बागेत १७९५ मध्ये लावली, एवढं मी वाचलंय. आमच्याकडे ती आली कुठून, हे आजोबांनाच विचारायला हवं होतं. तर लाकूड कुठलं असावं? आणि पॉलिश पूर्ण घासून नवं करू का?

उत्तर: फणस आहे हो! वर्षानुवर्षं उजेड-वारा लागून पिवळा फणस असा तांबूस होतो, की भलेभले फसतात. महोगनीही उजेडाने गडद होते, पण ती खरवडली तर आत गुलाबीसर निघते, हळदीसारखी नाही. घासायचं मात्र मनातही आणू नका. वरचा थर गेला की टेबल पिवळंधमक दिसेल आणि पुन्हा हा रंग चढायला तुमची नातवंडं मोठी व्हावी लागतील. चतुर्थीचा हट्टही सोडा. भर पावसात लाखेचा हात दिला तर दमट हवेने पॉलिश पांढुरकं पडतं. दिवाळी उलटू द्या, मग जुन्यावरच दोन पातळ हात द्या. गोव्यात फणसाची दारं नि पेट्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्यात, त्यामुळे कमीपणा काही नाही.

धागाकर्ता: आभारी आहे. दादाला अजून सांगितलेलं नाही. रविवारी त्याच्याकडे जेवायला जायचंय, पटाशी पिशवीत टाकलीय. पलंगाचीही एकदा खालची बाजू बघून घेतो.