भिंतीला टेकलेला सोफा आणि ५.१: सराउंड स्पीकर कुठे लावायचे?

प्रश्न: हॉल १२ बाय १४ फूट, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. ५.१ संचातले (पाच स्पीकर आणि खर्जासाठी, म्हणजे जाड आवाजासाठी, एक सबवूफर) सराउंड, म्हणजे बाजूचा-मागचा आवाज देणारे दोन स्पीकर, डोक्यामागे भिंतीवर लावायचे की बाजूला? एका बाजूला बाल्कनीचं दार आहे. वायर कोणती घ्यावी?

प्रतिसाद १: डोक्यामागे नको. ५.१ मध्ये समोरची दिशा शून्य धरली तर सराउंड ९० (थेट बाजूला) ते ११० (किंचित मागे) अंशांवर हवेत. तुमच्याकडे जेमतेम ९० मिळतील, चालेल. उंची कानापेक्षा एक-दोन फूट वर, म्हणजे शेजारच्याचं डोकं आड येत नाही. सोफा फूटभर पुढे ओढता आला तर ओढाच. भिंतीलगत खर्ज फुगतो.

प्रतिसाद २: वायर १६ गेज (जाडीचं माप), शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त असतो. लाल टोक लाललाच. एका स्पीकरचं उलटं जोडलं गेलं की आवाज पोकळ होतो, दिशा कळत नाही, आणि लोक उगाच स्पीकर हलवत बसतात.

प्रतिसाद ३: दाराच्या बाजूला स्टँड वापरा. दोन्हीकडचं अंतर थोडं वेगळं असलं तरी रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर) डिलेने, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडून, भरून काढतो, उंची मात्र सारखी ठेवा. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो. ऑटो-सेटअपचा (रिसीव्हर स्वतः आवाज आणि अंतरं मोजतो, त्यासाठीचा) माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर ठेवलात तर मोजमाप चुकतं. नंतर अंतरं टेपने पडताळा. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसलं तर बदलू नका, त्यात त्याच्या फिल्टरचा विलंब धरलेला असतो.