दोन लाख घालून इंग्रजी शिकवायचा कोर्स करायचा का? मी म्हणते हो, घरचे म्हणतात नाही

दारव्ह्याची_मॅडम :
दारव्ह्याजवळच्या खेड्यातली आहे, बीए इंग्लिश, बीएड, चार वर्षं झाली एका इंग्लिश मीडियम शाळेत पाचवी ते आठवीला शिकवते. मला सेल्टा करायचं आहे, म्हणजे केंब्रिजचं सर्टिफिकेट, ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशा मोठ्या माणसांना इंग्रजी कसं शिकवायचं याचं. फी आणि महिनाभर बाहेरगावी राहणं-खाणं धरलं की हिशोब दोन लाखांच्या आसपास जातो. बाबा म्हणतात एवढ्यात वावरात बोअर होते.

आता माझं ऐका. बीएडला आम्ही पाठ घेतले तेव्हा टाचणवही एकदम सुंदर, स्केचपेननं चौकटी आखलेल्या, आणि मागच्या बाकावर बसलेल्या मॅडम पाच मिनिटांत शेरा मारून दुसऱ्या वर्गावर. माझ्या वहीत चार पाठांना एकच शेरा आहे, 'आवाज चांगला'. लेकरांना काही आलं का हे कोणी विचारलंच नाही! सेल्टात किमान १२० तास, त्यातले ६ तास खऱ्या शिकणाऱ्यांसमोर उभं राहून शिकवायचं, तेही दोन वेगळ्या लेवलला, आणि पाठ झाला की ट्रेनर समोर बसवून सांगतो कुठं काय चुकलं. चार लेखी असाइनमेंट वेगळ्या. जमलं नाही तर नापास पण करतात.

मागच्या आठवड्यात सहावीला चालू वर्तमानकाळ घेतला. फळ्यावर फॉर्म्युला, खाली दहा वाक्यं, सगळ्यांच्या वह्या बरोबर. तेवढ्यात खिडकीबाहेर एक पोरगी पेरू खात उभी होती, मी विचारलं व्हॉट इज शी डुइंग? अख्खा वर्ग गप्प, मग एक जण म्हणाला 'शी ईट पेरू'. आत्ताच तर दहा वाक्यं बरोबर लिहिली होती ना त्यानं. माझ्या शिकवण्यात नेमकं कुठं गळतं हे मला कळत नाही आणि सांगणारं इथं कोणीच नाही, म्हणून जायचं आहे.

वणीवाला_सर :
ताई, नका करू. बारा वर्षांपासून ट्यूशन घेऊन राह्यलो म्हणून हक्कानं सांगतो. एक तर ह्या सर्टिफिकेटवर जिल्हा परिषदेत नोकरी नाही, तिथं डीएड-बीएड, टीईटी ही पात्रता परीक्षा आणि भरतीचं पवित्र पोर्टल, त्याशिवाय रस्ता नाही. तुमची प्रायव्हेट शाळा पगार वाढवणार नाही, विचारून पाहा. बाहेर जायचं म्हणाल तर कोरियात इंग्रजी शिकवायचा नेहमीचा व्हिसा सात देशांच्या पासपोर्टवाल्यांनाच, त्यात आपण नाही. गल्फमध्ये विचारतात म्हणे, पण तुम्हाले जायचं हाय का गल्फला?

आणि तो कोर्स मोठ्या माणसांसाठी. तिथं समोर बसणारे आपल्या हौसेनं येतात, तुमच्या वर्गात पन्नास पोट्टे. तिथं वर्गात शक्य तेवढं इंग्रजीच बोलायला लावतात, इथं ते चालत नाही. माझा उपाय फुकटाचा आहे. पुस्तकात लिहिलंय 'तो खात आहे', असं आपल्याकडं कोणतं लेकरू बोलते? आपण म्हणतो 'तो खाऊन राह्यला'. बस, राह्यला आलं की इज आणि आयएनजी. 'तो खाते' म्हणजे ही ईट्स. आपल्या पोरांना हा काळ लवकर समजते, कारण आपल्या वऱ्हाडीत तो फरक रोजच्या बोलण्यात आहे. हे कोणता ट्रेनर सांगणार?

हिंगणघाट_ते_हैदराबाद :
सर, तुमचा 'राह्यला' मस्तच आहे, मी पण वापरते, पण अर्ध्या रस्त्यात सोडून देता तुम्ही. 'मले ऐकू येऊन राह्यलं' याचं पोरं काय करतात? आय एम हिअरिंग. 'मले माणूस दिसून राह्यला', आय एम सीइंग अ मॅन. नो, वाँट, बिलीव्ह, ज्यांना सहसा आयएनजी लागत नाही त्या सगळ्याला आयएनजी चिकटवतात आणि ते काढता काढता वर्ष जाते. वऱ्हाडी कुठं मदत करते आणि कुठं पाय ओढते हे बघायची नजर मला ट्रेनिंगनंच दिली.

मी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचं सर्टिफिकेट केलं, तेही सेल्टासारखंच, किमान १३० तास आणि ६ तास शिकवणं. त्यात आधी तुम्हालाच एक अजिबात न येणारी भाषा चार तास शिकवतात आणि शिकताना काय झालं ते लिहायला लावतात. पहिल्या तासाला मी रडकुंडीला आले होते हो, सगळे हसतात आणि आपल्याला काय विचारलं तेच समजेना. त्या दिवशी मला माझ्या मागच्या बाकावरची पोरं कळली. आणि 'समजलं का?' असं विचारणं कायमचं सुटलं, कारण त्याचं उत्तर नेहमी यस मॅडमच येते. त्याऐवजी विचारायचं, पेरू संपला का? आत्ता तोंडात आहे का? रोज खाते का? उत्तरं हो-नाहीतच येतात पण लगेच समजते कोणाला कळलं.

फक्त ताई, दोन-तीन हजारात १२० तासांचं ऑनलाइन सर्टिफिकेट मिळते त्याच्या नादी लागू नका. व्हिडिओ बघा, टिकमार्क करा, पीडीएफ घ्या, एकदाही कोणासमोर उभं राहायचं नाही. पैसे भरायच्या आधी एकच विचारा, माझा पाठ कोण बघणार आणि किती तास.

पोडावरचा_मास्तर :
झरी जामणीकडं जिल्हा परिषद शाळेवर आहे. तुम्ही दोघं वऱ्हाडीवर भांडून राह्यले, माझ्या वर्गात कोलाम आदिवासी लेकरं आहेत. घरी कोलामी, ती मराठीच्या जातीची भाषाच नाही, तेलुगूकडची. पहिलीत आलं की मराठी हीच त्यांना परकी, आणि २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सहा वर्षांच्या लेकरावर एकाच वेळी दोन परक्या भाषा. वणीवाल्या सरांचा 'राह्यला' इथं काय कामाचा?

त्या चार तासांबद्दल वाचून बरं वाटलं, कारण मी ते दोन वर्षं केलं. रोज एक लेकरू मला पाच कोलामी शब्द शिकवायचं, मी चुकलो की वर्ग दुरुस्त करायचा. मग इंग्रजीत चुकायची त्यांची भीड गेली. स्टँड, जंप, टच द डोअर, आधी नुसतं अंगानं करायचं, बोलायची सक्ती नाही, जूनमध्ये मुकं असलेलं लेकरू दिवाळीनंतर दुसऱ्याला हुकूम द्यायला लागते.

कोर्सच्या मी विरोधात नाही, कर्जाच्या आहे. हैदराबादला इंग्रजी शिकवण्याची संस्था १९५८ पासून आहे, आता ते केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथल्या शिक्षकांच्या अभ्यासक्रमांची चौकशी करा आधी. आणि उद्या मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून टेबलावर ठेवा. तास संपला की ऐका, कोण किती बोललं.

दारव्ह्याची_मॅडम :
ठेवला मोबाइल सर. ३५ मिनिटांच्या तासात लेकरांचा आवाज येतो तो फक्त 'यस मॅडम' आणि एकत्र म्हटलेलं. एकट्यानं पूर्ण वाक्य बोललेलं एकही लेकरू नाही, ३५ मिनिटांत एकही नाही. रात्री दोनदा ऐकलं. बाबांनाही ऐकवलं, ते म्हणाले तूच बोलून राह्यली बाई सगळं.

वणीवाले सर, पगार वाढणार नाही हे मान्य, पन्नास पोरंही मान्य, पण म्हणून मी अशीच बोलत राहू का? जायचं मी सोडलेलं नाही, फक्त वावर गहाण ठेवून नाही जाणार, या वर्षी हैदराबादची चौकशी आणि बचत. हिंगणघाटच्या ताई, ते पेरूवाले प्रश्न उद्याच विचारते. आणि मास्तर, शनिवारी तुमची सकाळची शाळा असते ना? आमच्याकडं सुट्टी आहे. मुख्याध्यापकांना विचारून ठेवता का, मागच्या बाकावर बसून तुमचा वर्ग बघायचा आहे, शेरा नाही लिहिणार. शुक्रवारी पांढरकवड्याला मावशीकडं मुक्काम करते, सकाळची पहिली गाडी किती वाजता निघते तेवढं सांगा.