मदत हवी आहे: डिनर, सपर, टी, लंच – इंग्रजीत कुठला शब्द कुठे?

प्रश्न

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना आणि इंग्रजीत निमंत्रण लिहिताना जेवणाच्या शब्दांपाशी गाडी अडते आहे. तीन शंका आहेत.

१. वाक्य असं आहे: 'द चिल्ड्रन हॅव डिनर ॲट स्कूल ॲट ट्वेल्व्ह अँड टी ॲट होम ॲट सिक्स.' डिनर दुपारी बाराला कसं? आणि सहाला मुलं नुसता चहा पितात का?
२. 'अ लंच', 'द लंच' की नुसतं 'लंच'?
३. चार वाजताचा चहा आणि थोडं खाणं, याला निमंत्रणात 'हाय टी' म्हटलं तर चालेल का?

शब्दकोशात अर्थ सापडतात, पण कुठे काय चालतं ते कळत नाही.

प्रतिसाद १

वाक्य ब्रिटनमधलं दिसतंय आणि त्यात चूक काहीच नाही. डिनर हा शब्द घड्याळाला बांधलेला नाही. दिवसातलं मुख्य जेवण ते डिनर, मग ते दुपारी असो वा रात्री. इंग्लंडच्या उत्तर भागात आणि एकूणच कष्टकरी वर्गाच्या बोलीत दुपारचं जेवण डिनर आणि संध्याकाळचं जेवण टी. शाळेत दुपारी मिळतं ते 'स्कूल डिनर' आणि ते वाढणारी 'डिनर लेडी'. नाताळचं 'ख्रिसमस डिनर'ही ब्रिटनमध्ये बहुधा दुपारीच होतं.

म्हणून अनुवाद साधा करा: 'मुलं दुपारी बाराला शाळेत जेवतात आणि संध्याकाळी सहाला घरी.' चहा आणूच नका.

पेय की जेवण, हे ओळखायची एक खूण आहे. 'फॉर टी' असेल आणि सोबत पदार्थाचं नाव असेल, तर ते जेवण: 'वी हॅड सॉसेजेस फॉर टी.' 'अ कप ऑफ टी', 'सम टी' असेल तर पेय.

हा घोळ जुना आहे. डिनर हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी उपास सोडणं हाच अर्थ आहे, म्हणजे ब्रेकफास्टचाच! मध्ययुगात इंग्लंडमध्ये मुख्य जेवण दुपारच्या आधीच उरकायचे. पुढे श्रीमंत घरांत ते सरकत सरकत रात्रीवर गेलं आणि मधली पोकळी लंचने भरली. जिथे ते सरकलं नाही, तिथे जुना अर्थ टिकला.

सपर म्हणजे आजच्या ब्रिटनमध्ये घरगुती, साधं रात्रीचं जेवण, किंवा झोपण्याआधीचं किरकोळ खाणं. 'कम टू सपर' म्हटलं तर घरच्या कपड्यांत गेलं तरी चालतं. 'कम टू डिनर'मध्ये थोडी तयारी अपेक्षित असते.

प्रतिसाद २

आर्टिकलबद्दल. रोजच्या जेवणाच्या नावाआधी काहीच लागत नाही: 'आय हॅड ब्रेकफास्ट ॲट एट', 'आफ्टर लंच', 'व्हॉट्स फॉर डिनर?'

जेवण कसं होतं हे सांगणारं विशेषण आलं की 'अ' किंवा 'ॲन' येतो: 'अ लाइट लंच', 'ॲन अर्ली डिनर'. एखादं ठरावीक जेवण दाखवायचं असेल तर 'द': 'द लंच दे सर्व्ह्ड वॉज कोल्ड.' समारंभ म्हणून जेवण असेल तर पुन्हा 'अ': 'अ डिनर इन हर ऑनर'. 'मील' मात्र मोजता येणारं नाम आहे, त्याला एकवचनात मोकळं सोडता येत नाही. 'वी हॅड मील' चूक, 'वी हॅड अ मील' बरोबर.

मराठीतून विचार करताना खरी चूक क्रियापदात होते. 'जेवण केलं' डोक्यात असतं म्हणून 'आय डिड माय लंच' लिहिलं जातं. 'जेवण घेतलं का' वरून 'हॅव यू टेकन युअर फूड?' होतं. दोन्हीकडे 'हॅव' हवं: 'आय हॅड लंच', 'हॅव यू हॅड लंच?' किंवा सरळ 'हॅव यू ईटन?' 'मेक डिनर' म्हणजे स्वयंपाक करणं, जेवणं नव्हे. 'स्किप ब्रेकफास्ट' म्हणजे न्याहारी न करणं.

शब्दयोगी बदलला की अर्थ बदलतो, हेही बघा. 'फॉर लंच' म्हणजे जेवणात काय किंवा जेवणासाठी. 'ही इज ॲट लंच' म्हणजे जेवायला गेलाय. 'वी डिस्कस्ड इट ओव्हर लंच' म्हणजे जेवता जेवता बोललो.

प्रतिसाद ३

'हाय टी' लिहू नका, निदान ब्रिटिश वाचकासाठी तरी नको. चार वाजता चहा, छोटी सँडविचेस, स्कोन, केक असतं ते 'आफ्टरनून टी'. १८४० च्या सुमाराला बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी ही पद्धत रूढ केली असं मानतात. 'हाय टी' म्हणजे कामावरून परतलेल्यांचं संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यानचं भरपेट जेवण: गरम पदार्थ, ब्रेड आणि चहा. 'हाय' शब्दामुळे ते उच्चभ्रू वाटतं, म्हणून हॉटेलं आफ्टरनून टीलाच ते नाव देतात. तिथे पाहुण्यांना कळतं, पण मूळ अर्थ माहीत असलेला पाहुणा पोट रिकामं ठेवून येईल.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार, पहिलं वाक्य आता सुटलं. अजून एक: अमेरिकेतल्या मेन्यूवर 'आँत्रे' खाली मोठे पदार्थ दिसतात. ते तर सुरुवातीचं ना?

प्रतिसाद १

शब्दाचा अर्थ 'प्रवेश', म्हणून ऑस्ट्रेलियात ते सुरुवातीचं खाणं. अमेरिकेत मात्र मुख्य पदार्थ, आणि सुरुवातीच्या खाण्याला तिथे 'ॲपटायझर'. ब्रिटनमध्ये 'स्टार्टर' आणि 'मेन कोर्स' म्हणतात. मेन्यू कुठल्या देशाचा ते आधी बघा, मगच भाषांतर करा.

'कोर्स' आणि 'डिश' यांतही गल्लत नको. एका वेळी टेबलावर येणारा वाढा म्हणजे कोर्स, त्यात डिश कितीही असू शकतात. सूप, मग चार भाज्या आणि मासे एकत्र, मग गोड: हे 'थ्री-कोर्स मील'. पदार्थ सात असले तरी कोर्स तीनच.

प्रतिसाद २

निमंत्रणाचं वाक्य असं ठेवा: 'प्लीज जॉइन अस फॉर आफ्टरनून टी ऑन सॅटर्डे ॲट फोर.' चहाबरोबर दोन-तीनच पदार्थ असतील तर 'टी अँड लाइट रिफ्रेशमेंट्स विल बी सर्व्ड' अधिक प्रामाणिक. या अर्थाने रिफ्रेशमेंट्स अनेकवचनीच येतं, तेव्हा शेवटचा 'स' गाळू नका.