'नन ऑफ'च्या पुढे 'इज' की 'आर'? मदत हवी आहे

मुलीला इंग्रजीचं व्याकरण शिकवताना एका जागी अडकले आहे. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज' आणि 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर' यांतला फरक तिला लगेच पटला: पहिल्यात आपण संख्येबद्दल बोलतो, दुसऱ्यात कित्येक विद्यार्थ्यांबद्दल. 'ईच'लाही त्रास झाला नाही, कारण मराठीतलं 'प्रत्येक'सुद्धा एकवचनीच चालतं.

मग 'मोस्ट ऑफ द वॉटर इज' आणि 'मोस्ट ऑफ द बॉटल्स आर' ही जोडी घेतली. 'ऑफ'नंतरचं नाम बघायचं, क्रियापद त्याच्या मागे जातं, असं मी सांगितलं. तिने त्याच हिशोबाने 'नन ऑफ द बुक्स आर न्यू' लिहिलं आणि वर्गात ते चूक ठरलं. 'इज' हवं म्हणे. बिचारी हिरमुसून घरी आली. तिचा तर्क मला अगदी बरोबर वाटतो.

मराठीत 'त्यांच्यापैकी कोणीच आलं नाही' म्हणताना हा प्रश्नच पडत नाही!

माझ्या वाचनात दोन्ही रूपं येतात. मग परीक्षेत तिने काय लिहावं? आणि तिचं 'आर' चूक नाही, हे शिक्षकांना नीट कसं समजावून सांगू? इंग्रजी शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.