भूमिका आणि गायकाचं आयुष्य : ग्लासच्या गांधींबद्दल

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की ऑपेरात, म्हणजे पाश्चात्य संगीतनाटकात, आवाज महत्त्वाचा, गायकाच्या आवडीनिवडींचा भूमिकेशी काय संबंध. अर्धं पटतं, टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच पट्टीचा आवाज, लागतो तिथे टेनरच लागतो. पण अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचा 'सत्याग्रह' हा ऑपेरा घ्या ना, १९८० साली रॉटरडॅमला पहिल्यांदा झाला, गोष्ट गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांची आणि गायचं सगळं संस्कृतात, थेट गीतेतून. शेवटी गांधी एकटे उभे राहून चौथ्या अध्यायातलं 'बहूनि मे व्यतीतानि' गातात, आणि सूर काय तर एकच चढती सुरावट, तीसेक वेळा तीच. पाश्चात्य संगीतवाले त्या स्वरसप्तकाला फ्रिजियन म्हणतात, आपल्या कानाला ते भैरवी थाटाचे सूर आहेत! मैफल भैरवीनं संपवायची सवय असलेल्या माणसाला ते ऐकून काय होतं हे सांगता येत नाही.

मी इथे नागपूरलाच वाढले, आजीनं गीता पाठ करून घेतली, संध्याकाळी गाण्याचा क्लास, आणि बाबा दरवर्षी सेवाग्रामला न्यायचे, बापू कुटीत बसायला. तीन वेगळ्याच गोष्टी वाटायच्या मला. मागच्या वर्षी घरच्या बैठकीत तो शेवटचा भाग नुसत्या तंबोऱ्यावर गाऊन पाहिला, माझा आवाज टेनर नाही, तरी पाचसहा आवर्तनांनंतर शब्द आठवावे लागेनात, डोळ्यांपुढे फक्त कुटीतली ती सारवलेली जमीन होती. ज्याला स्टेजवर पूर्ण भूमिका मिळते त्याच्या आत किती काय जमत असेल.